एजी-एनओआर स्लाइडवर काळे कण पुन्हा पुन्हा येतात? आधी मीठ शोधा

"मॅडम, परत काळं आलं." तृतीय वर्षाची विद्यार्थिनी स्लाइड हातात घेऊन दारात उभी होती. तीन आठवड्यांतली ही तिची सहावी बॅच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मिरपूड शिंपडल्यासारखी स्लाइड. पेशींवर कण, पेशींच्या बाहेर कण, कव्हरस्लिपच्या कडेला तर काजळीच. गुणसूत्रं होती, पण त्यांच्यावर कुठला ठिपका खरा आणि कुठला खोटा, हे सांगायची सोय नव्हती.

मी गोव्यात बार्देशातल्या एका कॉलेजात शिकवते. रायबोसोमल आरएनएची (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमांचा हा भाग) कार्यरत जनुकं चांदीच्या रंगाने दाखवण्याचं एजी-एनओआर हे तंत्र (एजी म्हणजे चांदी, एनओआर काय ते खाली सांगते) आमच्याकडे दरवर्षी प्रोजेक्टसाठी घेतलं जातं. पद्धत स्वस्त आहे, फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि रंगायला पाच मिनिटंही पुरतात. तरी दरवर्षी दोनदा ती बिघडते, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यात. कितीतरी वर्षं आम्ही दोन्ही वेळचा दोष सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीवर टाकून नवी बाटली मागवत राहिलो. नवीन बाटलीनेही तेच व्हायचं. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, आणि विद्यार्थ्यांचे महिने त्याहून महाग. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी दिसायला काय हवं ते पाहू. रंग नीट बसला की केंद्रक फिकट पिवळं दिसतं आणि त्याच्या आत केंद्रकीचे (न्यूक्लिओलसचे, जिथे रायबोसोम तयार होतात) तपकिरी ते काळे गोल ठिपके उठून दिसतात. विभाजनातल्या पेशीत गुणसूत्रं पिवळसर असतात आणि ठरावीक गुणसूत्रांच्या ठरावीक जागी काळे ठिपके दिसतात, बहुतेकदा जोडीने, दोन्ही अर्धगुणसूत्रांवर एकेक. या जागांना केंद्रकी-संघटक भाग म्हणतात. लॅबमध्ये सगळे एनओआर म्हणतात, मीही तेच म्हणेन. वनस्पतिशास्त्रज्ञ हाइट्झने १९३१ साली गुणसूत्राच्या ठरावीक जागेचा आणि केंद्रकीचा संबंध दाखवला आणि जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३४ मध्ये मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर ही जागा नेमकी केली. माणसात ती १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर असते.

चांदी डीएनएवर बसत नाही, एनओआरभोवतीच्या काही प्रथिनांवर बसते. न्यूक्लिओलिन, न्यूक्लिओफॉस्मिन, आरएनए पॉलिमरेज-एकचे काही घटक, यूबीएफ (रायबोसोमल जनुकं चालू करणारं प्रथिन) ही त्यातली मुख्य. विभाजन चालू असताना रायबोसोमल जनुकांचं वाचन थांबलेलं असतं, पण आधीच्या अवस्थेत ज्या जागा चालू होत्या तिथे यूबीएफसारखी प्रथिनं चिकटून राहतात. म्हणून गुणसूत्रावरचा काळा ठिपका आधीच्या कामाची खूण असतो. हे शेवटी निष्कर्ष लिहिताना उपयोगी पडेल. आत्ता एवढंच लक्षात घ्या की चांदीला प्रथिनांवर हळूहळू उतरायचं असतं, आणि त्या वाटेत तिला क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, भेटलं की ती तिथेच अडकते.

पद्धत बहुतेकांना माहीत आहे. चांदीने एनओआर रंगवण्याचं काम गुडपाश्चर आणि ब्लूम यांनी १९७५ मध्ये मांडलं. आज सर्वत्र वापरली जाते ती हॉवेल आणि ब्लॅक यांची १९८० ची एका टप्प्याची पद्धत. २ ग्रॅम जिलेटीन १०० मिली पाण्यात विरघळवून त्यात १ मिली फॉर्मिक ॲसिड, हा डेव्हलपर. ४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ८ मिली पाण्यात, ही चांदी. स्लाइडवर डेव्हलपरचे दोन थेंब, चांदीचे चार थेंब, कव्हरस्लिप, आणि ७० अंश सेल्सिअसच्या हॉट प्लेटवर. अर्ध्या मिनिटात पिवळेपणा येतो, दोन मिनिटांच्या आसपास सोनेरी तपकिरी. तिथे थांबून भरपूर पाण्याने धुवायचं.

आता दोष शोधायला सुरुवात. पेशी असलेली स्लाइड आणखी वाया घालवू नका. चार कोऱ्या स्लाइड घ्या. पहिली पाकिटातून नुकतीच काढलेली, सीलबंद बाटलीतल्या डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुतलेली. दुसरी तशीच नवी, पण लॅबच्या कॅनमधल्या पाण्याने धुतलेली. तिसरी तुमच्या नेहमीच्या पद्धतीने साफ केलेली जुनी. चौथीवर मधोमध अंगठा दाबा. चारही स्लाइडवर एकाच वेळी, एकाच बाटलीतले डेव्हलपर आणि चांदी टाका, सारखाच वेळ गरम करा, धुवा, चाळीसच्या लेन्सखाली बघा.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा चौथ्या स्लाइडवर अंगठ्याच्या रेषा काळ्या रंगात छापून आल्या. घामात मीठ असतं आणि सिल्व्हर नायट्रेट त्या मिठाशी सिल्व्हर क्लोराइड बनवतं, आणि तेच पुढे काळं पडतं. पोलिसांच्या तपासात कागदावरचे ठसे उठवायला हीच रासायनिक क्रिया वापरत आले आहेत. गोव्याच्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत, स्लाइडची कड धरून काम करणारी मुलं किती मीठ पसरवत असतील ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. पावडर नसलेले ग्लव्हज आणि स्लाइड फक्त फ्रॉस्टेड टोकाला धरणं, एवढ्यानेच आमचे कडेचे डाग गेले.

पण अंगठा हे कारण चौथ्या स्लाइडपुरतंच. खरी बातमी दुसऱ्या स्लाइडने दिली. कॅनच्या पाण्याने धुतलेल्या स्लाइडवर सारखे पसरलेले बारीक कण होते, आणि पहिली काचेसारखी स्वच्छ. म्हणजे बाटली निर्दोष होती, दोष पाण्यात होता. खात्रीसाठी तीन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत सीलबंद पाणी, दुसरीत आमच्या ऊर्ध्वपातन यंत्रातून थेट पकडलेलं पाणी, तिसरीत कॅनमधलं. प्रत्येकीत पातळ नायट्रिक ॲसिडचा एक थेंब, म्हणजे कार्बोनेटमुळे फसगत होत नाही, आणि एक टक्का सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. मागे काळा कागद धरून पाहिलं. पहिल्या दोन नळ्या निव्वळ पाणी. तिसरीत ताकाच्या निवळीसारखा धूसर पांढरेपणा.

यंत्र ठीक, कॅन खराब. कॅनची तोटी खोलली तर तिच्या आत पांढरी चकाकणारी कड जमली होती. लॅबमधल्या काकांना विचारलं तेव्हा कळलं की मत्स्यालयासाठी समुद्राचं पाणी आणायला हाच कॅन वर्षभरापूर्वी वापरला होता, मग धुऊन डिस्टिल्ड पाण्यासाठी ठेवला. धुतला होता खरा, पण तोटीच्या वळणात मीठ राहिलं होतं. आता आमच्या कॅनवर लाल रंगाने "फक्त डिस्टिल्ड" लिहिलेलं आहे आणि समुद्राच्या पाण्याचा कॅन वेगळ्या खोलीत आहे.

तुमच्याकडे यंत्रातूनच पाणी धूसर येत असेल तर भांड्यातली पातळी आणि उकळी बघा. पाणी जोरात उसळलं की वाफेबरोबर बारीक तुषार पलीकडे जातात आणि क्षार त्यांच्याबरोबर जातो. खाडीकाठच्या आणि खाजन जमिनींजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात खारट होतं, पावसाळ्यात पुन्हा गोडं होतं. यंत्रात तेच पाणी घालत असाल तर मे महिन्यात तुषारांतून येणारं मीठही वाढतं. आमच्या तपासणीत यंत्राचं पाणी स्वच्छ निघालं, पण आधीच्या वर्षांतल्या एप्रिल-मेच्या बिघाडात याचाही वाटा असावा. आता त्या दोन महिन्यांत पाणी दोनदा ऊर्ध्वपातित करतो.

तिसरी स्लाइडही तपासा, कारण इथे एक सापळा आहे. जुन्या स्लाइड साफ करायला बरेच जण ॲसिड-अल्कोहोल वापरतात. त्यातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. नीट न धुतलेल्या स्लाइडवर तुम्ही स्वतःच क्लोराइड लावून ठेवता. आमचा आता साधा नियम आहे, एजी-एनओआरसाठी नव्या स्लाइडच. त्या डिटर्जंटने, मग डीआयोनाइज्ड पाण्याने धुवायच्या आणि अल्कोहोलमध्ये ठेवायच्या.

पहिली स्लाइडही खराब निघाली, तरच रसायनांकडे वळा. चांदीचं द्रावण तपकिरी बाटलीत, फिल्टर करून, अंधारात. स्टीलचा चिमटा किंवा सुई त्यात घालायची नाही. लोखंडावर चांदी उतरते आणि काळे तुकडे द्रावणात फिरत राहतात. प्लॅस्टिकचा चिमटा घ्या. डेव्हलपर साधारण दोन आठवडे टिकतो. पावसाळ्यात आम्ही एक आठवडाच धरतो.

आता पेशींचं बघू. पहिल्या तीन कोऱ्या स्लाइड स्वच्छ, पण पेशींच्या स्लाइडवर कण, असं झालं तर मीठ तुमच्या नमुन्यातून येतंय. आमच्या विद्यार्थिनीचं हेही होतं. ती हिरव्या शिनाण्यांवर, म्हणजे पेर्ना विरिडिस या समुद्री शिंपल्यांवर काम करत होती. म्हापशाच्या बाजारात जिवंत शिनाणी मिळतात, २एन = ३०, म्हणजे पेशीत एकूण ३० गुणसूत्रं, गिल्समध्ये (कल्ल्यांमध्ये) विभाजन होणाऱ्या पेशी सापडतात, आणि शिंपल्यासाठी पृष्ठवंशी प्राण्यांसारखी परवानगीची मोठी प्रक्रिया नसते. नमुना म्हणून छान. पण हा जीव समुद्राच्या पाण्यात भिजलेला असतो आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. कोल्चिसीनही (पेशींचं विभाजन मधेच थांबवणारं रसायन) तिने समुद्राच्या पाण्यातच दिलं होतं, जे योग्यच आहे. त्यानंतर पेशी फुगवण्यासाठी तिने सस्तन प्राण्यांची नेहमीची कृती उचलली, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड. त्यातही लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त क्लोराइड. आणि फिक्सेटिव्ह (पेशी जशाच्या तशा टिकवणारं द्रावण) बदललं एकदाच.

उपाय दोन. पेशी फुगवायला ०.८ टक्के सोडियम सायट्रेट घ्या. त्यात क्लोराइड नाही आणि शिंपल्यांच्या गिल्ससाठी ते नेहमी वापरलं जातं. आणि मेथॅनॉल तीन भाग, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड एक भाग हे ताजं फिक्सेटिव्ह किमान तीनदा बदला. प्रत्येक वेळी वरचं द्रव पूर्ण काढा, तळाशी बोटभर राहू देऊ नका. ती "काढलं" म्हणायची तेव्हा मी नळीकडे बघितलं नव्हतं. सातव्या बॅचला शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की गाळ हलेल या भीतीने ती निम्मं द्रव ठेवत होती. सेंट्रिफ्यूज आणखी पाच मिनिटं चालवलं, गाळ घट्ट बसला, आणि मग शेवटपर्यंत काढता आलं.

कांद्याच्या मुळांवर काम करणाऱ्यांना वेगळी अडचण येते. कांद्याची १६ गुणसूत्रं मोठी आणि सोपी, पण पेशीरसही चांदी धरतो. भित्तिका मऊ करण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरत असाल तर पुन्हा तेच क्लोराइड. एन्झाइमने मऊ करा, आणि ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये दाबा.

पावसाळ्यातला बिघाड मिठासारखाच दिसतो, पण नीट पाहिलं तर वेगळा आहे. मिठाचे कण सगळीकडे सारखे पसरलेले असतात. पावसाळ्यातले काळे डाग ठिगळांसारखे असतात, पेशीभोवती काळा पडदा आणि मध्ये स्वच्छ जागा. जुलैत आमच्या खोलीत हवा इतकी ओली असते की वह्यांची पानं लवतात. वाळत घातलेली स्लाइड हळू वाळते, पेशी जास्त पसरतात, काहींची गुणसूत्रं शेजारच्या पेशीत घुसतात आणि पेशीरसाचा पातळ थर काचेवर चिकटून राहतो. त्याच थरावर चांदी बसते. ४० ते ४५ अंशांच्या गरम पाटीवर स्लाइड ठेवून तिच्यावर पेशींचा थेंब टाका, म्हणजे वाळणं तुमच्या ताब्यात राहतं. मग ६० अंशांवर काही तास, किंवा दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत. जेल गुलाबी झालं की ते काम करत नाही, ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करा. उघड्या ट्रेमध्ये स्लाइड ठेवू नका. चवथीच्या सुट्टीनंतर आम्हाला त्यावर बुरशीचे धागे सापडले होते, आणि बुरशी चांदी छान धरते. जिलेटीनही पावसाळ्यात असंच बुरसटतं. बाटली उजेडात धरून बघा, कापसासारखा एखादा धागा तरंगला तरी ओतून द्या.

तापमानाबद्दल थोडं. हॉट प्लेटच्या डायलवर विश्वास ठेवू नका. आमच्या प्लेटवर डायल ७० दाखवत असताना, पंख्याखाली, खिडकीतून पावसाळी वारा येत असताना, स्लाइडवर प्रत्यक्ष ५८ अंश भरले. मुलं वेळ वाढवायची, दोनची चार मिनिटं, चारची सहा. तेवढ्यात कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडायचं, द्रावण घट्ट व्हायचं आणि चांदीचे सुळ्यांसारखे स्फटिक यायचे. उलट प्लेट जास्त तापली तर एका मिनिटात सगळं गुणसूत्र तपकिरी होतं आणि ठिपके त्यात बुडतात. अति रंगलेल्या स्लाइडवर सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या चिमटलेल्या भागाच्या) जागीही काळे ठिपके उठतात आणि ते एनओआर समजून मोजले जातात. थर्मामीटर प्लेटवर ठेवलेल्या स्लाइडला टेकवून मोजा, पंखा बंद करा, स्लाइड ओल्या फिल्टर पेपरच्या झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये ठेवा. घड्याळापेक्षा रंगाकडे लक्ष द्या. काचेच्या पेट्रीडिशखाली पांढरा कागद ठेवला की सोनेरी तपकिरी छटा अचूक ओळखता येते.

वीज जाण्याची भीती असेल त्या दिवशी प्लोतों आणि सहकाऱ्यांची १९८६ ची पद्धत करा. डेव्हलपर एक भाग, चांदी दोन भाग, खोलीच्या तापमानाला, अंधारात. पुस्तकात अर्धा तास वगैरे दिसेल, पण आपल्याकडे ३० अंशांच्या खोलीत मी दहाव्या मिनिटापासून बघायला लागते.

एवढं करूनही एखादा कण शंकास्पद वाटेल. तेव्हा शंभरची लेन्स लावून फाइन फोकस हळूच फिरवा. खरा ठिपका गुणसूत्राबरोबरच स्पष्ट होतो आणि त्याच्याबरोबरच धूसर होतो. वर पडलेला कण आधी स्पष्ट होतो, तेव्हा गुणसूत्र धूसर असतं, आणि फोकस खाली नेला की उलट. तसा कण पेशींच्या बाहेर, रिकाम्या काचेवरही सापडतो का तेही बघा. मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ठिपके मोजून लिहिताना घाई करू नका. एका पेशीत चार, शेजारच्या पेशीत तीन, असं शिनाण्यांत होतंच, आणि माणसातही दहाच्या दहा एनओआर एका पेशीत सहसा रंगत नाहीत. ठिपका नसणं म्हणजे जनुक नसणं असं लिहू नका. जनुकांच्या शेकडो प्रती तिथे असू शकतात, आधीच्या अवस्थेत त्या बंद असतील एवढंच. सगळ्या जागा बघायच्या तर १८एस किंवा २८एस प्रोब घेऊन फिश (रायबोसोमल जनुकांच्या डीएनएला चिकटणारा चमकता प्रोब वापरण्याचं तंत्र) करावं लागतं. आणि काही माशांमध्ये चांदी रायबोसोमल जनुकं नसलेल्या हेटेरोक्रोमॅटिनवरही (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएच्या भागावरही) बसते, म्हणून फक्त चांदीवर विसंबून नव्या प्रजातीचा एनओआर जाहीर करणं मला पटत नाही. निदान पन्नास पेशी मोजा आणि प्रत्येक बॅचबरोबर एक कोरी स्लाइड रंगवा. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये त्या कोऱ्या स्लाइडचा फोटोही लावा.

वाया गेलेली चांदी सिंकमध्ये सोडू नका. वेगळ्या बाटलीत साठवा, मीठ घाला, क्लोराइड खाली बसेल, ते गाळून जपून ठेवा. अमोनिया असलेल्या जुन्या कृतीचं द्रावण मात्र कधीच साठवू नका. ते वाळलं तर स्फोट होऊ शकतो. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, बोटांवरचा काळा डाग आठवड्याने जातो, डोळ्याला झालेली इजा जात नाही.

बिघडलेल्या स्लाइड वाचवायला मुलं थायोसल्फेटमध्ये बुडवतात. कण थोडे जातात, पण ठिपकेही फिके होतात. त्यापेक्षा फिक्स केलेल्या पेशी उणे २० अंशांवर घट्ट झाकणाच्या नळीत ठेवा. महिनोन्‌महिने टिकतात. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या सहा बॅचच्या नळ्या अशाच ठेवलेल्या होत्या. त्यांतलं फिक्सेटिव्ह तीनदा बदलून तिने पुन्हा स्लाइड बनवल्या, नव्या कॅनच्या पाण्याने धुतल्या, ग्लव्हज घालून रंगवल्या. पहिल्याच स्लाइडवर एका पेशीत गुणसूत्रांच्या टोकाला ठिपक्यांची जोडी दिसली. ती लेन्समधून डोळा काढायलाच तयार नव्हती. नळ्यांवरच्या तारखा मार्च आणि एप्रिलच्या होत्या, त्यामुळे तिला बाजारातून पुन्हा शिनाणी आणावी लागली नाहीत.